फीबस लेव्हीन आणि एका अणूचा वीस वर्षांचा शोध

रायबोज या शर्करेतील दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला ऑक्सिजनचा एक अणू जोडलेला असतो. डीएनएतील शर्करेत त्या जागी तो नसतो. एवढा एक अणू कमी आहे हे सिद्ध करण्यासाठी फीबस लेव्हीन यांना वीस वर्षे वाट पाहावी लागली.

लेव्हीन यांचा जन्म १८६९ मध्ये तेव्हाच्या रशियन साम्राज्यात, आजच्या लिथुआनियात झाला. त्यांनी सेंट पीटर्सबर्गला वैद्यकाचे शिक्षण घेतले. मात्र ज्यूंना सोसाव्या लागणाऱ्या जाचामुळे त्यांचे कुटुंब न्यूयॉर्कला आले. १९०५ पासून ते तिथल्या रॉकफेलर संस्थेत रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले.

यीस्टमधील केंद्रकाम्लाचे, म्हणजे आजच्या आरएनएचे, विघटन तुलनेने सोपे होते, आणि त्यातील शर्करा रायबोज असल्याचे त्यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले. वासराच्या थायमस ग्रंथीतून मिळणारे केंद्रकाम्ल, म्हणजेच डीएनए, मात्र दाद देईना. त्यातील बंध तोडण्याइतके तीव्र आम्ल वापरले, की शर्कराच नष्ट होई. अखेर आम्लाऐवजी कुत्र्याच्या आतड्यातील पाचकरसांकडून हे काम करून घेण्यात आले आणि १९२९ मध्ये डीऑक्सिरायबोज ओळखली गेली. प्रयोगशाळेतल्या जहाल रसायनांना जे जमले नाही ते शरीरातल्या विकरांनी हळुवारपणे केले, हा मला या साऱ्या संशोधनाचा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

फॉस्फेट, शर्करा आणि बेस (नायट्रोजनयुक्त संयुग; डीएनएत ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चारांपैकी एक) हे तीन घटक याच क्रमाने जोडलेले असतात, हेही लेव्हीन यांनीच दाखवले. या एककाला ‘न्यूक्लिओटाइड’ हे नाव त्यांनी दिले, आणि एका एककाची शर्करा पुढच्या शर्करेशी फॉस्फेटमार्फत जोडली जाते, असे प्रतिपादन केले.

त्यांची चूक पुढच्या पायरीवर झाली. चारही बेस जवळपास सारख्या प्रमाणात आढळत असल्यामुळे, प्रत्येकी एक याप्रमाणे चार न्यूक्लिओटाइडांचा ठरावीक गट म्हणजेच डीएनए, असे त्यांनी मानले. इतक्या एकसुरी पदार्थात आनुवंशिक माहिती सामावणे अशक्य वाटल्याने जनुके प्रथिनांचीच असावीत, ही समजूत दीर्घकाळ टिकली. हा दोष एकट्या लेव्हीन यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही, कारण तेव्हाच्या निष्कर्षणाच्या पद्धतींत हा लांबलचक रेणू तुकडे होऊनच हाती येई आणि बेसांचे मोजमापही ढोबळ असे.

लेव्हीन १९४० मध्ये निवर्तले. चारच वर्षांनी त्यांच्याच संस्थेतील ऑस्वल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंमधील आनुवंशिक बदल डीएनए घडवून आणतो, याचा पुरावा मांडला. पुढे एर्विन चारगाफ यांच्या काटेकोर मोजमापांतून बेसांचे प्रमाण प्रजातीगणिक बदलते, परंतु ॲडेनिन थायमिनइतके आणि ग्वानिन सायटोसिनइतके भरते, हे स्पष्ट झाले आणि चौकडीची कल्पना मागे पडली. शर्करा आणि फॉस्फेट यांची जोडणी मात्र टिकली: डीएनएच्या दुहेरी सर्पिल रचनेच्या १९५३ च्या वॉटसन-क्रिक प्रतिकृतीत बाहेरच्या बाजूने वळत जाणारे दोन्ही कणे त्याच जोडणीचे आहेत.