शितं किती चाचपायची?

२३ फेब्रुवारी २०१७ ची गोष्ट. मुंबई महापालिकेच्या प्रभाग क्रमांक २२० मध्ये फेरमोजणीअंती शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह या दोघांच्याही नावापुढे एकच आकडा उरला : ५,९४६. मग चिठ्ठ्या टाकल्या, एका लहान मुलीने त्यातली एक उचलली आणि शाह नगरसेवक झाले. सभागृहात शिवसेना ८४ आणि भाजप ८२ असा हिशेब लागला, त्यात त्या ईश्वरचिठ्ठीला काय मोल आलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मला मात्र चिठ्ठीपेक्षा तिच्या आधीच्या फेरमोजणीचं कुतूहल जास्त. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा फेरमोजणी म्हणजे गठ्ठे सोडायचे, एकेक शिक्का पुन्हा पाहायचा आणि दोन चिन्हांमधल्या रेघेवर पडलेल्या शिक्क्यावरून हुज्जत घालायची. मतदान यंत्र आल्यावर यातलं काय उरलं? कंट्रोल युनिटचं, म्हणजे यंत्राच्या मतं साठवणाऱ्या भागाचं, सील तपासायचं, निकालाचं बटण पुन्हा दाबायचं, पडद्यावर एकामागोमाग येणारे आकडे पुन्हा उतरवून घ्यायचे. मघाशी सांगितलं तेच यंत्र आताही सांगणार. दहादा विचारा, दहादा तेच. फरक पडलाच तर तो उतरवून घेणाऱ्या हातात किंवा बेरजेत पडतो.

आणि तो पडतो, हे हरियाणातल्या बुआना लाखू गावाने दाखवून दिलं. जिल्हा पानिपत. (हे नाव ऐकलं की आपले कान टवकारतात, पण ही लढाई सरपंचपदाची होती.) नोव्हेंबर २०२२ मध्ये एक उमेदवार विजयी घोषित झाला. दुसरा न्यायाधिकरणाकडे गेला, प्रकरण उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. मूळ वाद ६९ क्रमांकाच्या बूथचा होता, पण न्यायालयाने सगळ्याच बूथची यंत्रं मागवून घेतली आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी आपल्याच रजिस्ट्रारसमोर, व्हिडिओ चालू ठेवून, मतं मोजून घेतली. एकूण मतं ३,७६७. हरलेल्याला १,०५१, जिंकलेल्याला १,०००! पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षं तोवर उलटून गेली होती. यंत्राच्या पोटात आकडा बरोबर होता, कागदावर येताना तो बिघडला होता.

अशी चूक फेरमोजणीत सापडते. पण संशय यंत्राच्या पोटातल्या आकड्यावरच असेल तर? तेव्हा त्याच साक्षीदाराला पुन्हा विचारून उपयोग नाही, दुसरा साक्षीदार लागतो. व्हीव्हीपॅटची, म्हणजे मतदान यंत्राला जोडलेल्या छपाई यंत्राची, चिठ्ठी हा तो दुसरा साक्षीदार. कुणाला मत दिलं ते तिच्यावर छापलेलं असतं. काचेमागे सात सेकंद दिसते आणि खालच्या पेटीत पडते. मतदाराने ती पाहिलेली असते आणि एकदा छापल्यावर कुठलंही सॉफ्टवेअर ती बदलू शकत नाही. या चिठ्ठ्यांशी यंत्राचा आकडा ताडून पाहणं, ही खरी पडताळणी.

सर्वोच्च न्यायालयाच्या ८ एप्रिल २०१९ च्या आदेशापासून लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांत दर विधानसभा मतदारसंघात पाच बूथच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. कुठले पाच, हे ठरवण्याची रीत अगदी घरगुती आहे. पोस्टकार्डाच्या आकाराची पांढरी कार्डं घ्यायची, प्रत्येकावर एका बूथचा क्रमांक ठळक लिहायचा, आकडा दिसणार नाही अशा चार घड्या घालायच्या, डब्यात टाकून डबा खळाखळा हलवायचा आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींदेखत पाच कार्डं काढायची. मग बँकेतल्या कॅशियरच्या केबिनसारख्या जाळीबंद खोक्यात बसून चिठ्ठ्या चिन्हवार लावायच्या आणि पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. जाळीपलीकडे प्रतिनिधी माना लांब करून पाहत असतात.

डबा हलवणं ही यातली सर्वांत शास्त्रीय कृती आहे. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पण वरचं शीत शिजलं म्हणून तळचं शिजलं असेलच असं नाही, म्हणून आधी उलथन्याने खालवर करायचं. नीट ढवळलेलं असेल तर पातेलं घरचं आहे की लग्नाचं, याने फारसा फरक पडत नाही. शितं मात्र पुरेशी हवीत.

किती म्हणजे पुरेशी? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीआधी केंद्रीय निवडणूक आयोगाला संख्याशास्त्रज्ञांनी दिलेलं उत्तर होतं, सगळ्या देशात मिळून ४७९ यंत्रं. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण गणित करून पाहा. समजा दोन टक्के यंत्रं बिघडलेली आहेत. एक यंत्र उचललं तर ते चांगलं निघण्याची शक्यता ०.९८. लागोपाठ ४७९ यंत्रं चांगली निघण्याची शक्यता म्हणजे ०.९८ चा ४७९ वेळा गुणाकार, आणि तो येतो ०.००००६ च्या आसपास. म्हणजे एवढा बिघाड नजरेतून सुटणं जवळजवळ अशक्य.

गणित बिनचूक आहे. माझी तक्रार पातेल्याबद्दल आहे. निवडणूक देशभराच्या एका पातेल्यात शिजत नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेची २८८ वेगळी पातेली असतात आणि आमदार प्रत्येकातून वेगळा निघतो.

एका मतदारसंघात ३५० यंत्रं आहेत असं धरू. गडबड झालेल्या प्रत्येक यंत्रात २०० मतं एकाकडून दुसऱ्याकडे गेली, तर मताधिक्यात ४०० चा फरक पडतो. जाहीर झालेलं मताधिक्य ४०,००० असेल, तर ते पुसून टाकायला शंभर यंत्रं बिघडलेली हवीत. मग डब्यातून काढलेल्या पाच कार्डांत त्यांतलं एकही न येण्याची शक्यता १८ टक्के, म्हणजे बहुधा चोरी पकडली जाईल. मताधिक्य २,८०० असेल तर सात यंत्रं पुरतात, आणि ती सातही पाचाच्या तपासणीतून निसटण्याची शक्यता ९० टक्के! ती ५ टक्क्यांवर आणायची तर १२० च्या आसपास यंत्रं उघडावी लागतील. लढत जितकी अटीतटीची, तितकी शितं जास्त. सगळीकडे सरसकट पाच, हा हिशेब चाळीस हजारांनी जिंकलेल्याला बऱ्यापैकी पुरतो आणि जिथे खरी धाकधूक आहे तिथे तोकडा पडतो.

दुसरी बाजूही सांगायला हवी. आजवर ४१ हजारांहून अधिक व्हीव्हीपॅटची अशी पडताळणी झाल्याचं आयोगाने २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलं. राज्यभर किंवा देशभर पसरलेला घोटाळा एवढ्या तपासणीतून निसटणार नाही. फक्त ‘यंत्रं एकंदरीत ठीक चालतात का’ आणि ‘माझ्या तालुक्याचा निकाल बरोबर लागला का’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत. वाद घालणारे बहुतेक जण एकाचं उत्तर दुसऱ्याच्या तोंडावर फेकतात.

हा दुसरा प्रश्न सोडवण्याची रीत अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी २००८ च्या सुमारास मांडली आणि तिथल्याच कोलोरॅडो राज्याने २०१७ मध्ये ती राज्यभर राबवली. तिथे मत कागदावर असतं आणि यंत्र ते फक्त वाचतं. आधी ठरवायचं की चुकीचा निकाल नजरेतून सुटण्याचा धोका किती टक्के चालेल. मग मताधिक्यानुसार नमुना काढायचा. धोका ५ टक्के धरला आणि यंत्राची नोंद मतपत्रिकेशी दरवेळी जुळत गेली, तर १० टक्के मताधिक्याला ६३ मतपत्रिका पुरतात, ५ टक्क्यांना १२५, एक टक्क्याला ६२३. एकूण मतं दहा हजार असोत की दहा लाख, आकडे जवळपास हेच.

कुठल्या मतपत्रिका काढायच्या ते फाशांवर ठरतं. दहा बाजूंचे वीस फासे लोकांसमोर टाकतात आणि त्यातून आलेल्या वीस आकडी संख्येवरून संगणक यादी काढतो : अमुक पेटी, तमुक गठ्ठा, वरून इतकावा कागद. सूत्र जाहीर असतं, त्यामुळे तीच यादी कुणालाही घरी बसून काढता येते. आणि मला सर्वांत पटणारी गोष्ट म्हणजे ‘जुळलं नाही तर पुढे काय’ हेही आधीच ठरलेलं असतं. नमुना वाढवायचा, तरी शंका फिटली नाही तर आणखी, आणि शेवटी सगळी मतं हाताने मोजायची. जॉर्जियात २०२० मध्ये अध्यक्षपदाची लढत इतकी चुरशीची झाली की नमुना काढण्यात अर्थच नव्हता. तिथे ५० लाखांच्या आसपास मतपत्रिका हाताने मोजल्या. निकाल बदलला नाही, पण फ्लॉइड काउंटीत मोजायच्याच राहिलेल्या २,६०० च्या आसपास मतपत्रिका सापडल्या. आपल्याकडच्या नियमात यंत्र आणि चिठ्ठ्या जुळल्या नाहीत तर त्या यंत्रापुरता चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरतात. उरलेल्या ३४५ यंत्रांचं काय करायचं, यावर नियम गप्प आहे.

दोन मतांनी, सात मतांनी, प्रभाग २२० सारखे बरोबरीत सुटणारे निकाल लागतात ते मुख्यतः ग्रामपंचायतींत आणि पालिकांत. वरच्या हिशेबाने सर्वाधिक शितं चाचपायची तर तिथे. पण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, आणि त्यांत व्हीव्हीपॅट वापरणार नसल्याचं महाराष्ट्राच्या आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं. बहुसदस्यीय प्रभागात एकाच मतदाराला तीन-चार मतं द्यायची असतात, त्यासाठी तसं यंत्र तयार नाही, ही अडचण त्यामागे आहे. चिठ्ठीच नाही म्हटल्यावर पडताळणी कशाशी करणार? हरलेल्या उमेदवाराने निकाल जाहीर होण्याआधी कारणांसह लेखी अर्ज द्यायचा. तो मंजूर झालाच तर निवडणूक निर्णय अधिकारी कंट्रोल युनिट पुन्हा टेबलावर घेतात आणि निकालाचं बटण पुन्हा एकदा दाबतात.