धंद्यावरच्या नियमात भेदभाव? अनुच्छेद 14 खाली आव्हान कसं द्यायचं

महापालिकेने एका प्रकारच्या दुकानांवर बंधन घातलं आणि तशाच दुसऱ्यांना मोकळं सोडलं, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 मधल्या समानतेच्या हक्कासाठी अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारी यंत्रणेच्या आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज) करता येते. खंडपीठ जिल्ह्यानुसार ठरतं. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातही सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे.

नुसता फरक दाखवून भागत नाही. गट कोणत्या निकषावर पाडले आणि त्या निकषाचा नियमाच्या हेतूशी संबंध काय, हे न्यायालय तपासतं. सुरुवातीला नियम वैधच धरला जातो, त्यामुळे भेदभाव सिद्ध करायचा तो याचिकाकर्त्याने. डान्सबार प्रकरणात सरकार निकष आणि हेतू यांचा संबंध दाखवतानाच अडलं. मुंबई पोलीस कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने बिअर बार, परमिट रूममधल्या नाचावर बंदी आली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट मिळाली. हॉटेलचा दर्जा वाढला की तोच नाच सभ्य कसा होतो, याचं पटेल असं उत्तर सरकारकडे नव्हतं. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तो निकाल कायम ठेवला.

आधी आयुक्तांना लेखी निवेदन द्या आणि पोच घ्या. नियमामागची कारणं पालिकेच्या फाइलमधल्या टिपणीत असतात. ती माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून मागवा. कारणच नोंदवलेलं नसेल, तर तो तुमचा भक्कम मुद्दा. याचिकेला आदेशाची किंवा अधिसूचनेची प्रत, चालू परवाना, शॉप अ‍ॅक्टची नोंदणी, निवेदन, प्रतिज्ञापत्र आणि वकीलपत्र जोडा. कामकाज इंग्रजीत चालतं, म्हणून मराठी कागदांचा अनुवादही लागतो. सूट मिळालेल्या दुकानांचा तपशील मात्र बहुतेक जण मोघम देतात. व्यवसाय, जागा, वेळ आणि परवान्याचा प्रकार समोरासमोर मांडलेला तक्ता हवा.

कंपनी असाल तर एकट्या कंपनीच्या नावाने जाऊ नका. अनुच्छेद 14 कोणत्याही व्यक्तीला, अगदी कंपनीलाही लागू होतो. व्यवसायस्वातंत्र्याचं 19(1)(छ) फक्त नागरिकांना. म्हणून एखादा भारतीय संचालक किंवा भागधारक सहयाचिकाकर्ता करावा.

‘शेजाऱ्याचं बेकायदा बांधकाम चालतं, मग माझं का नाही’ हा युक्तिवाद टिकत नाही; बेकायदेशीर गोष्टीत समानता मागता येत नाही. उशीर झाला तर त्याचं कारण याचिकेतच लिहा.

अंतरिम स्थगितीची मागणी स्वतंत्र परिच्छेदात करा, पण ती मिळेलच असं धरू नका. आणि प्रकरण चालू असताना परवान्याचं नूतनीकरण चुकलं, तर पालिकेचे वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतात.