रतनवाडी आणि परिसर

रतनवाडी : अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यावरचे छोटे गाव. भंडारदरा जलाशयाच्या फुगवट्याचे एक टोक गावाजवळ येऊन थांबते आणि पाठीशी रतनगड उभा असतो. वस्ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पिके भात, नागली आणि वरईची. अमृतेश्वराचे देऊळ, रतनगड, शेजारच्या साम्रदची सांधण दरी, घाटघरचा कोकणकडा आणि मेअखेरचे काजवे यांमुळे मुंबई, पुणे, नाशिककडच्या भटक्यांना हे गाव ठाऊक आहे. मात्र यांतली कोणती गोष्ट पाहायला मिळेल, हे आपण कुठल्या महिन्यात जातो यावर ठरते. जूनमध्ये जिथे काजवे असतात तिथे ऑगस्टमध्ये धुक्यात समोरचे झाडही दिसत नाही; आणि ज्या घळीत जानेवारीत माणसे उतरतात, तिच्यातून जुलैत ओढा धावत असतो.

याचे मूळ भूरचनेत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून बनलेला हा बेसाल्टचा प्रदेश. कठीण थरांचे ताशीव कडे झाले, मऊ थर झिजून त्यांच्या पायऱ्या झाल्या. पश्चिमेला सह्यधार एकदम तुटून खाली कोकणात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात उतरते. पूर्वेला मात्र जमीन सावकाश कलते. अरबी समुद्रावरून आलेले ढग या धारेला अडून रिकामे होतात. घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून त्याला नगर जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात. त्याच जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुके अवर्षणप्रवण आहेत, हा विरोधाभास नकाशावर पाहिल्याशिवाय पटत नाही.

रतनगडाच्या उतारावर प्रवरा उगम पावते. अगस्ती ऋषींच्या तपाने ही नदी अवतरली अशी कथा आहे. अकोल्यात तिच्या काठी अगस्तींचे स्थान आहे. खालच्या मुलखात तिला अमृतवाहिनी म्हणतात. प्रवरासंगमला ती गोदावरीला मिळते. या नदीवर शेंडी गावाजवळ १९१० मध्ये दगडी धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये ते पुरे झाले. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून ते विल्सन डॅम, लोकांच्या तोंडी भंडारदरा. उंची सुमारे ८२ मीटर, साठवणक्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट. या पाण्यावर संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे कालव्याची शेती आणि ऊस उभा राहिला. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली ती याच कालव्यांच्या मुलखात, प्रवरानगरला. घाटमाथ्यावरच्या वाड्यांना मात्र एप्रिल-मेमध्ये हंड्यासाठी पायपीट चुकत नाही. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इथे शब्दशः लागू पडते.

जलाशयाला वळसा घालणारा रस्ता हाच इथला खरा दर्शनमार्ग. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असा फेरा पुन्हा शेंडीला येतो. पावसाळ्यात या रस्त्यावर मोठ्या धबधब्याचा शोध घेत फिरण्यात अर्थ नाही, दर वळणाला एखादा ओहोळ कातळावरून उतरत असतो. भातखाचरे, जलाशयावर उतरलेले ढग आणि मधूनच उघडणारा कळसूबाईच्या रांगेचा पडदा, एवढ्यासाठी हा फेरा करावा. घाई करणाऱ्याच्या हाती फार काही लागत नाही.

अमृतेश्वराचे देऊळ गावातच आहे. गोदावरी आणि भीमा यांच्या दरम्यानच्या नद्यांच्या उगमांशी शिलाहार राजा झंझ याने बारा शिवालये बांधली, अशी परंपरा आहे आणि अमृतेश्वर त्यांतले एक मानले जाते. स्थानिक फलक आणि माहितीपत्रके त्याला सरसकट हेमाडपंती म्हणतात. पण हेमाद्री यादवांच्या काळातला, तेराव्या शतकातला. हे देऊळ त्याच्या आधीचे आहे. शिखरावर उभ्या पट्ट्यांमध्ये ओळीने लहान लहान शिखराकृती रचलेल्या दिसतात. ही भूमिज शैली, जिचा सर्वांत नामांकित नमुना म्हणजे अंबरनाथचे १०६० मधले शिवमंदिर. खांबांवरचे कोरीवकाम जवळून, सावकाश पाहण्याजोगे आहे, विशेषतः सकाळच्या तिरप्या उन्हात. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साचते आणि पिंड त्यात बुडते. देवळापासून थोड्या अंतरावर दगडी पुष्करिणी आहे. तिच्या भिंतींमध्ये कोरीव देवकोष्ठे असून त्यांत मूर्ती आहेत. देऊळ पाहून बहुतेक जण मागे वळतात आणि पुष्करिणी राहून जाते. ती चुकवू नये.

रतनगड (१,२९७ मीटर) चढायला गावातून अडीच-तीन तास लागतात. सुरुवातीची वाट प्रवरेच्या पात्राच्या कडेने जाते, दोन-चारदा ते ओलांडते आणि मग दाट रानात शिरते. रानात एके ठिकाणी वाट फुटते. एक फाटा कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जातो. तो दोन दिवसांचा मुक्कामी ट्रेक असल्याने चुकून तिकडे वळलेल्यांचा दिवस वाया जातो. गावातला वाटाड्या घेतला तर हा प्रश्नच येत नाही. शेवटच्या कातळटप्प्यावर लोखंडी शिड्या आहेत, त्यांच्यावर गणेश दरवाजा. आत रत्नादेवीची गुहा, मुक्कामाला पुरेशी दुसरी मोठी गुहा, पाण्याची कातळकोरीव टाकी, हनुमान दरवाजा आणि राणीचा हुडा नावाचा बुरूज. किल्ल्याच्या माथ्यावर मऊ खडक झिजून आरपार भोक पडले आहे, त्याला नेढे म्हणतात. नेढ्यात बसले की वारा कान बधिर करतो. अलंग, मदन, कुलंग, कळसूबाई, आजोबा, हरिश्चंद्रगड आणि खाली पसरलेला जलाशय एका जागी बसून दिसतो, तो इथूनच. गडाच्या शेजारी खुट्टा नावाचा सुळका आहे. त्र्यंबक दरवाजाने उतरून खुट्ट्याच्या बाजूने जाणारी वाट साम्रदला पोहोचते. एका वाटेने चढून दुसरीने उतरणे हा गड पाहायचा सर्वांत उत्तम मार्ग, फक्त गाडी कुठल्या गावात ठेवायची याचा विचार आधी करावा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा गडाचा ऋतू. माथ्यावर सोनकीचा पिवळा गालिचा असतो आणि हवाही स्वच्छ असते. कारवी मात्र सात वर्षांतून एकदाच फुलते. तिच्या काटक्यांच्या कुडांवर शेणमाती लिंपून इथली जुनी घरे उभी राहत.

सांधण दरी साम्रदच्या पश्चिमेला आहे. दरी म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तशी ती उघडी नाही. सपाट माळावरून चालताना जमिनीत पडलेली ही भेग जवळ जाईपर्यंत दिसत नाही. बेसाल्टमधल्या जुन्या तड्याला पाण्याने खोल करत नेले आणि सुमारे दोन किलोमीटर लांबीची घळ तयार झाली. काही ठिकाणी भिंती दोनशे-तीनशे फूट उंच आहेत आणि रुंदी दोन माणसे शेजारी जेमतेम मावतील एवढी. तळाशी मोठाले धोंडे. सुरुवातीला पाण्याचे दोन डोह लागतात, ते गुडघ्यापासून कमरेपर्यंत, ऋतूनुसार. ऊन तळापर्यंत पोचते ते मध्यान्हीच्या आसपास थोडा वेळ. घळीच्या पुढच्या टोकापर्यंत जाऊन परतणे सामान्य चालणाऱ्याला जमते. त्यापुढे कडा दोराने उतरून कोकणात डेहणे गावाकडे जाता येते, पण तो साधनांसह अनुभवी गटाचा मामला आहे. डेहण्याहून वर साम्रदला येणारी करोली घाटाची वाट वेगळी, जुनी आणि पायी जाण्याजोगी.

पावसाळ्यात सांधणमध्ये उतरू नये. हे सावधगिरीचे नेहमीचे वाक्य नव्हे: माळावरचे सगळे पाणी याच भेगेत जमा होते, वर पाऊस पडला तर आत असलेल्याला त्याची चाहूल पाणी अंगावर येईपर्यंत लागत नाही, आणि चढून जायला भिंतींना कुठे आधार नाही. पाऊस संपल्यावरही काही आठवडे वरचे दगड सुटतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत बरा.

घाटघरचा कोकणकडा याउलट पावसाळ्यातच पाहावा. कड्यावरून खाली पडणारे पाणी वाऱ्याने उलटे वर उडते आणि काठावर उभ्या असलेल्यांना खालून भिजवते. धुके असेल तर मात्र पांढऱ्या भिंतीपलीकडे काही दिसत नाही. थांबण्याची तयारी ठेवावी. याच भागात २५० मेगावॉटचा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. विजेची मागणी वाढली की वरच्या जलाशयातले पाणी खालच्या कोकणातल्या जलाशयात सोडायचे आणि मागणी कमी असताना ते पुन्हा वर चढवायचे, अशी त्याची रीत. सह्यधारेच्या उंचीचा असा उपयोग राज्यात थोड्याच ठिकाणी झाला आहे.

काजव्यांचा हंगाम मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पहिला मोठा पाऊस लागेपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एकदम जमतात आणि झाडभर एका लयीत उघडझाप करतात. लय एका झाडावरून दुसऱ्यावर सरकताना दिसते, तो क्षण विलक्षण असतो. वर्षातला बहुतेक काळ काजवा अळीच्या रूपात ओलसर मातीत असतो आणि गोगलगायींसारख्या मऊ जिवांवर जगतो. पंख फुटल्यावरचे दिवस थोडे आणि ते जोडीदार शोधण्यात जातात. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा संवाद. म्हणूनच गाडीचे दिवे, मोबाइलचा टॉर्च आणि फ्लॅश इथे केवळ दृश्य बिघडवत नाहीत, तर काजव्यांच्या मीलनातच अडथळा आणतात. झाडाखाली फिरणाऱ्या पावलांखाली जमिनीवरच्या माद्याही चिरडल्या जातात. काजवा महोत्सवाच्या नावाखाली शनिवार-रविवारी अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या, तशी वन विभागाने रात्रीच्या प्रवेशावर वेळेची बंधने घातली. हा सगळा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. काजवे पाहायचे असतील तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, दिवे मालवून रस्त्याच्या कडेला उभे राहावे. पाच मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात.

धबधब्यांमध्ये शेंडीचा अंब्रेला फॉल आणि खाली राजूरच्या वाटेवरचा रंधा प्रसिद्ध आहेत. अंब्रेला फॉल निसर्गाचा नव्हे. धरणाच्या मोरीतून सोडलेले पाणी गोल कातळावरून छत्रीसारखे पसरते. रंधा धबधबा खरा प्रवरेचा, सुमारे १७० फुटांचा, काठी घोरपडादेवीचे स्थान. तोही आता विसर्गावर अवलंबून आहे. धरण साधारण ऑगस्टच्या मध्याला भरते, त्यानंतर दोन्ही ठिकाणे पाहण्यात अर्थ आहे. इतर वेळी रंध्याला गेलेला माणूस बहुधा कोरडा कातळ पाहून परततो.

राज्याचे सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) जलाशयाच्या पलीकडच्या बाजूला आहे. त्याची वाट बारी गावातून, लोखंडी शिड्यांनी. कळसू ही एका घरी कामाला राहिलेली मुलगी. केर काढणार नाही, भांडी घासणार नाही अशी तिची अट होती. ती मोडून तिला भांडी घासायला लावली तेव्हा ती रागाने निघून डोंगरावर जाऊन राहिली, अशी कथा सांगतात. वाटेवरच्या थाळेमेळ या जागेचा संबंध त्या भांड्यांशी जोडला जातो. नवरात्रात शिखरावरच्या देवळाशी जत्रा भरते. इंग्रजांविरुद्ध बंड केलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. त्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली.

मुक्कामाची सोय गावातल्या घरांमध्ये आणि जलाशयाकाठच्या तंबूंमध्ये होते. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन पूर्वी फक्त पिकासाठी होती, आता तिच्या आसपास तंबूही लागतात. घरी उतरणे केव्हाही चांगले. नागलीची भाकरी, पिठले आणि ठेचा तिथे चुलीवरचा मिळतो आणि पैसे गावात राहतात. मुंबई-नाशिक महामार्गावरच्या घोटीहून बारीमार्गे शेंडी गाठता येते, इगतपुरी हे जवळचे रेल्वे स्थानक. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. शेंडीपासून पुढे रतनवाडीपर्यंत साधारण वीस किलोमीटर. एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असल्याने परतीची गाडी गावात विचारूनच ठरवावी.