खांब वाकला, त्यात ट्रॅकिंगचा काय दोष?

लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकात घेताना चित्र जरा डुगडुगलं की जो तो ट्रॅकिंगचं बटण दाबत सुटतो. "ट्रॅकिंग गेलंय" हे ऐकून ऐकून कान किटले.

ट्रॅकिंग तुम्हाला ठाऊकच आहे. मुंग्यांचा आडवा पट्टा, बटण दाबलं की वर-खाली सरकणारा, जागा सापडली की जाणारा. टेपवरच्या जेमतेम 49 मायक्रॉन रुंदीच्या तिरप्या पट्ट्यांवर हेड (व्हीसीआरमधला टेप वाचणारा भाग) नीट बसलेलं नसतं, इतकंच. (अख्ख्या पडद्यावर मुंग्या असतील तर हेड मळलंय. पुसा, पण आडवं. खालीवर घासलंत तर हेडच तुटेल.)

टाइमबेसच्या, म्हणजे चित्रातल्या आडव्या रेघांच्या वेळेच्या, दोषात मुंग्या नसतात. चेहरे स्वच्छ, रंग जागच्या जागी, पण अंतरपाटाची कड पाण्यातून पाहिल्यासारखी हलते, मांडवाचा खांब नागमोडी होतो, चित्राचा माथा एका अंगाला कलतो. आपल्याकडच्या पाल (PAL) या टीव्ही पद्धतीत सेकंदाला 15,625 रेघा येतात, प्रत्येकीच्या वाट्याला 64 मायक्रोसेकंद. टेप ताणली गेली किंवा व्हीसीआर झिजला की कुठली रेघ लवकर सुरू होते, कुठली उशिरा. एका मायक्रोसेकंदाची चूक झाली तरी रेघ रुंदीच्या जवळपास 2 टक्के सरकते. हेड पट्टीवर चोख बसलेलं असतानाही हे होतं, म्हणून बटण दाबून खांब सरळ होत नाही. उलट लागलेलं ट्रॅकिंग घालवून बसता.

"पण जुन्या टीव्हीवर छान दिसायचं!" दिसणारच. पिक्चर ट्यूबचा टीव्ही अशा रेघांमागे फरफटत का होईना, जायचा. चित्र संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड तेवढं सोशिक नसतं. बिथरलं की फ्रेम गाळतं, मग मंगलाष्टकं एकीकडे आणि भटजींचे ओठ दुसरीकडे.

इथे लागतो टाइमबेस करेक्टर, म्हणजे टीबीसी. लाइन टीबीसी रेघा सरळ करतो; फ्रेम टीबीसी अख्खी फ्रेम साठवून नव्या ठोक्यावर सोडतो, त्यामुळे फ्रेम गळत नाहीत. मी तरी आधी लाइन टीबीसी असलेला एस-व्हीएचएस डेकच (व्हीएचएसच्या वरच्या दर्जाचा व्हीसीआर) शोधतो. "नंतर सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू" म्हणणाऱ्यांशी वाद घालणं सोडलंय. साधं कॅप्चर कार्ड सिंकचे ठोके, म्हणजे प्रत्येक रेघ कधी सुरू झाली याच्या खुणा, फाइलमध्ये ठेवतच नाही; मग कुठली रेघ कितीने हुकली, हे सॉफ्टवेअरला सांगणार कोण?