लस नाही हो ती, पण आहे भारी!

परवा सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'एड्सची लस आली, वर्षातून फक्त दोनदा!' लगेच खाली हात जोडलेले इमोजी. इंजेक्शन खरंय, वर्षातून दोनदा हेही खरंय, पण लस नाही. लस शरीराला शत्रू ओळखायला शिकवते, हे इंजेक्शन, लेनाकापाविर नाव त्याचं, काही शिकवत वगैरे नाही, साधं औषध आहे, अंगात आहे तोवर राखण करणार. ज्यांना लागण झालेली नाही पण धोका आहे त्यांच्यासाठी डब्ल्यूएचओने जुलै 2025 मध्ये ते गाइडलाइनमध्ये घेतलं. प्रेपची, म्हणजे लागण होऊच नये म्हणून आधीच घ्यायच्या औषधाची, रोजची गोळी आधीपासून आहेच, पण गोळी विसरते, आणि डबी घरच्यांच्या हाती लागली की काय सांगायचं!

मला वेड लावलं ते ह्याच्या काम करण्याच्या पद्धतीने. एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, त्याचा आरएनए (त्याची जनुकीय माहिती) एका शंकूच्या आकाराच्या पेटीत असतो, तिला कॅप्सिड म्हणतात. एकाच प्रोटीनच्या साधारण 1500 प्रती, त्यांच्या षटकोनी फरश्या जोडून ती बनते. पण नुसत्या षटकोनांनी पेटी बंद होत नाही, नेमके 12 पंचकोन लागतात. घरातला जुना काळा-पांढरा फुटबॉल काढून काळे पंचकोन मोजा, तिथेही 12च! (ह्यामागे गणितज्ञ ऑयलरचं सूत्र आहे, ते सांगत बसलो तर इथेच रात्र होईल.) आता ही पेटी पेशीच्या केंद्रकाच्या बारीक भोकातून आत घुसते, त्यासाठी ती घट्टही हवी आणि थोडी लवचिकही. लेनाकापाविर दोन प्रोटीनच्या मधल्या खाचेत जाऊन बसतं आणि पेटी कडक करून टाकतं, मग ती वाळलेल्या पापडासारखी नको तिथे तडकते. शिवाय नवीन विषाणू तयार होताना त्यांच्या पेट्या वेड्यावाकड्या बनतात ते वेगळंच.

दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत हे इंजेक्शन घेणाऱ्या 2134 मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नाही. आणि आपल्याकडे अजून भिंतींवर 'एड्सवर खात्रीशीर जडीबुटी' रंगवलेलं असतं, मोबाईल नंबरसकट.

इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली देतात, तिथून औषध महिनोन्‌महिने झिरपत राहतं. झिरपणं सुरुवातीला हळू असतं म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी दोन-दोन गोळ्याही घ्याव्या लागतात. त्याआधी टेस्ट निगेटिव्ह हवीच, कारण लागण आधीच झालेली असेल तर एकट्या औषधाला विषाणू लवकर सरावतो.

अमेरिकेत ह्याची किंमत वर्षाला 28 हजार डॉलरच्या वर! स्वस्त जेनेरिक बनवायचं लायसन्स 2024 मध्ये सहा कंपन्यांना मिळालं, त्यातली एक आपल्या पुण्याची एमक्युअर.