लिंक उघडण्याआधी तिचा पत्ता वाचा

संशयास्पद लिंक आली की ती उघडायची नाही, कॉपी करायची आणि नोट्समध्ये पेस्ट करून नीट वाचायची. आयफोनवर लिंक दाबून धरली की पानाची झलक दिसू शकते. झलक दिसली म्हणजे पान लोड झालं, म्हणून ती आधीच बंद करून ठेवावी.

आपण पत्ता डावीकडून वाचतो आणि फसवणारा त्याचाच फायदा घेतो. ‘एचटीटीपीएस’नंतरचे दोन स्लॅश सोडा, पुढचा पहिला स्लॅश शोधा आणि तिथून उलटं वाचत या. समजा, पत्ता ‘माझीबँक डॉट कॉम डॉट खाते-तपासणी डॉट नेट’ असा आहे. इथे खरं डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं मुख्य नाव, ‘खाते-तपासणी डॉट नेट’. बँकेचं नाव हे त्या डोमेनच्या मालकाने पुढे चिकटवलेलं सबडोमेन. असं सबडोमेन लावायला बँकेची परवानगी लागत नाही. कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. कुलूप एवढंच सांगतं की मधल्या कुणाला तुमचा मजकूर वाचता येणार नाही. समोर चोर बसलाय की बँक, हे त्यातून कळत नाही.

अक्षरंही फसवतात. रशियन लिपीतला ‘ए’ इंग्रजी ‘ए’सारखाच दिसतो, पण संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरं. 2017 मध्ये एका संशोधकाने अशा अक्षरांतून ‘ॲपल डॉट कॉम’सारखा हुबेहूब पत्ता बनवून दाखवला, तेव्हा क्रोम आणि फायरफॉक्समध्येही फरक दिसत नव्हता.

वाचूनही शंका उरली तर ते पान लिंक तपासणाऱ्या वेबसाइटच्या यंत्रावर उघडू द्या. व्हायरसटोटल ही अशीच एक वेबसाइट, ती अनेक सुरक्षा कंपन्यांच्या नोंदींशी लिंक ताडून पाहते. यूआरएलस्कॅन ही दुसरी वेबसाइट स्वतःच्या ब्राउझरमध्ये पान उघडून त्याचा स्क्रीनशॉट देते आणि वाटेत लिंक कुठे कुठे वळली तेही दाखवते. छोट्या केलेल्या लिंकसाठी हे फार कामाचं. डोमेन कधी नोंदवलं तेही पाहा. बँकेचं म्हणवणारं डोमेन चार दिवसांपूर्वीचं असेल, तर माझ्या मते पुढे तपासायची गरजच नाही.

‘काही आढळलं नाही’ या निकालाने मात्र निर्धास्त होऊ नका. काही फसवी पानं समोर तपासणी यंत्र आहे हे ओळखून त्याला साधंसुधं पान दाखवतात, आणि लॉगिनचा बनावट फॉर्म फक्त मोबाइलवरून येणाऱ्यालाच.

आणखी एक, हे फारसं कुणी सांगत नाही: पासवर्ड बदलण्याची किंवा खासगी कागदपत्राची लिंक अशा ठिकाणी सार्वजनिक तपासणीला टाकू नका. ती तिथे इतरांनाही दिसते, आणि खरी निघाली तर तुमच्याआधी दुसरंच कुणी ती उघडू शकतं.