पेटीत उरलेली बंदूक

खंडेनवमीला आम्ही मामांकडे जातो. जांबोटीच्या पुढे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला त्यांचं घर आहे. ओसरीवर पाट मांडतात आणि त्यावर कोयती, कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ ठेवतात. अंगणात ट्रॅक्टरला हार घालतात. पूर्वी या पाटावर मधोमध आज्ज्याची ठासणीची बंदूक असायची. रानडुकरांपासून भात राखायला ती परवान्यावर घेतलेली होती. आज्ज्यामागे परवाना कुणी चालवला नाही आणि बंदूक रीतसर जमा झाली. गेल्या वर्षी मामींनी माळ्यावरून एक फणसाच्या लाकडाची पेटी खाली काढली, तेव्हा कळलं की बंदूक गेली तरी तिचा संसार घरातच राहिला होता.

पेटीत एक शिंग होतं. घरातल्या पोरांना ते बैलाला औषध पाजायचं शिंग वाटायचं. दोन मुठींचं लोखंडी काहीतरी होतं, अगदी मोडक्या अडकित्त्यासारखं. एक दाभणासारखी बारीक सळई, एक पिळाची दुहेरी नांगी असलेलं पितळी टोक, आणि इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची, चौकोनी भोकाची किल्ली. एकाही वस्तूचं नाव घरात कुणाला सांगता येईना.

"हे काय वो मामा?" मी विचारलं.

"आज्ज्याचं बंदुकीचं सामान की. तो बंदुकीपेक्षा ह्यालाच जास्त जपायचा."

आज्जा बरोबर वागायचा. ठासणीची बंदूक म्हणजे एका टोकाला बंद असलेली लोखंडी नळी आणि ठिणगी पोचवायची एक सोय, एवढंच. दारू किती घालायची, ती कोरडी कशी राहील, गोळी नळीत नेमकी कशी बसेल, बार झाल्यावर साचलेली राख कशी काढायची, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं नळीत सापडत नाहीत. ती या पेटीत आहेत. म्हणून संग्रहालयात भिंतीवर टांगलेली नुसती बंदूक मला अर्धवट वाटते. गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची सळई, आणि दारूचं शिंग सोबत नसलेली बंदूक बघून ती कशी चालायची हे कुणालाच कळणार नाही.

आधी दारूबद्दल, कारण बाकी सगळं तिच्या स्वभावामुळे जन्माला आलं. बंदुकीची काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. वजनाने साधारण ७५, १५ आणि १० असा हिशेब युरोपात शेवटी पक्का झाला. कोळसा आणि गंधक हे जळण. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, या जळणाला स्वतःतला ऑक्सिजन पुरवतो. त्यामुळे बंद नळीत, बाहेरची हवा नसतानाही दारू जळते. पण पूर्णपणे वायू होऊन ती उडून जात नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी १८७० च्या दशकात बंद पात्रात दारू जाळून मोजमाप केलं, तेव्हा वजनाने निम्म्याहून जास्त भाग घन पदार्थांचा निघाला. तोच पांढरा धूर होऊन बाहेर पडतो आणि तोच काळा लेप होऊन नळीत चिकटतो. या लेपातले पोटॅशियमचे क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि एका रात्रीत लोखंडाला गंज चढवतात. सुदैवाने ते पाण्यात विरघळतात, म्हणून काळ्या दारूची बंदूक पाण्याने धुवायची, मग कोरडी करून तेल लावायचं, अशी रीत पडली.

ओलावा हा तर आमच्या भागातला मोठा शत्रू. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला आषाढात मिठाच्या बरणीत काय होतं हे सांगायला नको. शुद्ध पोटॅशियम नायट्रेट तसं सोशिक असतं. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाईपर्यंत ते पाणी सुटू देत नाही. पण जुन्या काळी सोरा मातीतून काढायचे. गोठ्यांच्या, पडक्या वस्तीच्या मातीत जे नायट्रेट तयार होतं त्यात कॅल्शियमचा मोठा वाटा असतो, आणि कॅल्शियम नायट्रेट साधारण ५० टक्के आर्द्रतेलाच पाणी पाणी होतं. मातीच्या निवळीत लाकडाची राख मिसळली की राखेतल्या पोटॅशियममुळे कॅल्शियम खडूसारखं खाली बसतं आणि वर खरा सोरा उरतो. ही शुद्धी अर्धवट झाली तर दारू पावसाळ्यात दगा देणार हे ठरलेलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूखान्याविषयी जी शिस्त घालून दिली आहे, तिचं मर्म इथे कळतं. दारूखाना घरांपासून दूर असावा, आणि आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू बाहेर काढून तिला ऊन दाखवावं, पुन्हा मोहोर करून ठेवावी, असं ते सांगतात. पावसाळी किल्ल्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाचा हा अनुभव आहे.

गडावर मडकी होती, माणसाच्या कमरेला शिंगडा, म्हणजे दारूचं शिंग. म्हशीचं किंवा बैलाचं शिंग उकळून मऊ करायचं, आतलं हाड काढायचं, रुंद तोंडाला लाकडी बूड घट्ट बसवायचं आणि टोकाला भोक पाडून बूच मारायचं. शिंगातून पाणी आत शिरत नाही, ते वजनाला हलकं असतं, आपटलं तरी फुटत नाही, आणि मुख्य म्हणजे त्यातून ठिणगी उडत नाही. पातळ तासलेलं शिंग उजेडात धरलं तर आत दारू किती उरली तेही दिसतं. मामांकडच्या शिंगडाच्या एका अंगाला असा तासलेला, मधासारख्या रंगाचा पट्टा आहे. मोगल दरबारातल्या शिकाऱ्यांकडे याच कामासाठी हस्तिदंती दान्या असत. काळविटाच्या अंगातून हत्ती, वाघ, ससे उगवल्यासारखं त्यांचं कोरीवकाम जगभरच्या संग्रहालयांत आज लोक थांबून बघतात. त्या बहुतेक बारीक दारूच्या, म्हणजे रंजकाच्या.

रंजक वेगळी का, हे कळायला स्वयंपाकघरात यावं. ओल्या दारूचा गोळा चाळणीतून दाबून, वाळवून तिचे दाणे पाडतात. पीठ आणि रवा यांत जो फरक, तोच भुकटी आणि दाणेदार दारूत. भुकटी ठासली की गच्च बसते, ज्वाळेला आत शिरायला वाट मिळत नाही आणि ती संथ जळते. रव्यात दाण्यादाण्यांमध्ये फटी असतात. ज्वाळा त्यांतून एका दमात सगळीकडे पोचते आणि प्रत्येक दाणा बाहेरून आत जळत जातो. दाणा लहान तर एकूण पृष्ठभाग जास्त, म्हणून जळणं जलद. तोफेला जाड रवा, बंदुकीला बारीक, आणि कानाजवळच्या, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या बारीक भोकाजवळच्या, पेल्यात टाकायची रंजक सर्वांत बारीक. तोड्याच्या बंदुकीत सोऱ्यात भिजवलेली जळती दोरी, म्हणजे जामगी, या रंजकाला टेकायची. रंजक भपकायची, तिची ज्वाळा कानातून आतल्या दारूला भिडायची. कधी कधी पेल्यातली रंजकच तेवढी जळायची आणि बार व्हायचाच नाही, कारण कान काजळीने बुजलेला असायचा. पेटीतली दाभणासारखी सळई त्यासाठी होती. साखळीने बंदुकीलाच बांधलेल्या अशा सळया जुन्या भारतीय तोड्याच्या बंदुकांवर आजही लोंबताना दिसतात.

शिंगडाच्या टोकाला पितळी तोटी आहे, झडपेची. हिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. बाहेरच्या तोंडावर बोट ठेवून शिंगडा उलटा करायचा, चाप दाबला की आतली झडप उघडते आणि तोटी भरते. चाप सोडला की झडप मिटते. आता तोटीत राहिली फक्त एका बाराची दारू, तीच नळीत जाते. आपण मापट्याने भात मोजतो तसं हे आकारमानाचं माप आहे. दाणे एकसारखे असले की दरवेळी वजनही जवळपास तेवढंच भरतं, तराजू लागत नाही. पण झडपेचं दुसरं काम अधिक मोलाचं. आधीच्या बाराचा एखादा निखारा नळीत धुमसत असेल आणि शिंगडातून थेट धार धरली, तर ज्वाळा धारेवरून उलटी चढून हातातलं अख्खं शिंग पेटवेल. झडपेमुळे भांडार आणि नळी एकमेकांना कधी भेटतच नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या शेफील्ड शहरात तांब्या-पितळेचे असे हजारो शिंगडे साच्यात दाबून बनत.

फौजेने मापाचा प्रश्न कागदाने सोडवला. एका बाराची दारू आणि गोळी कागदात गुंडाळलेलं काडतूस तोसदानातून, म्हणजे काडतुसांच्या पिशवीतून, काढायचं, दाताने फाडायचं, दारू ओतायची, गोळी सोडायची आणि उरलेला कागद बोळा म्हणून ठासायचा. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीच्या काडतुसाला बाहेरून चरबी लावलेली असे. तिचं कारण यांत्रिक होतं. आटे असलेल्या नळीत काजळी लवकर साचते, वंगण तिला मऊ ठेवतं. ती चरबी गायी-डुकराची असल्याच्या संशयावरून १८५७ साली काय घडलं ते सर्वांना ठाऊक आहे. २४ एप्रिलला मेरठमध्ये ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, आणि ३१ जुलैला आपल्या शेजारी कोल्हापुरात २७ वी पलटण उठली. मेरठच्या आधीच सरकारने दाताऐवजी हाताने फाडायची सवलत देऊन पाहिली होती, पण तोवर विश्वास उडाला होता.

आता तो अडकित्ता. मुठी मिटल्या की दोन अर्धगोल जुळतात आणि मध्ये गोल पोकळी तयार होते. हा गोळ्यांचा साचा. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणजे चुलीवरच्या पळीत. मी त्यात शिशाऐवजी मेण ओतलं. गार झालेली गोळी कॅलिपरने मोजली, व्यास भरला १६.८ मिलिमीटर. शिशाची घनता पाण्याच्या ११.३४ पट, तेव्हा एवढी शिशाची गोळी साधारण २८ ग्रॅमची, अडीच तोळ्यांना थोडी कमी. एका इंग्रजी पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, अशा १६ गोळ्या बसतात. 'बोअर' या शब्दाचा उगम हाच. गावात सगळे 'बारा बोअर' म्हणतात, पण त्या बाराचा अर्थ असा की नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी पौंडाला बारा भरते. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी मेणाची गोळी बराच वेळ तळहातावर फिरवली.

साच्यातली गोळी नळीपेक्षा मुद्दाम थोडी लहान ठेवतात. कंपनीच्या शिपायांच्या हातातली चकमकीची 'ब्राउन बेस' घ्या, १८२४ साली कित्तूरला कंपनीची फौज अशाच चकमकीच्या बंदुका घेऊन आली होती. तिची नळी सुमारे १९ मिलिमीटर आणि गोळी साडेसतरा. दोघींच्या मधल्या फटीचं क्षेत्रफळ नळीच्या तोंडाच्या सुमारे १५ टक्के होतं. त्या फटीतून बराच वायू गोळीला न ढकलता बाजूने निसटायचा, गोळी नळीत डावी-उजवीकडे आपटत जायची आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल तिकडे वळायची. काजळी साचली तरी भरभर भरता यावी, म्हणून फौजेने नेम सोडला आणि वेग घेतला. शिकाऱ्याला घाई नसते. तो तेलात भिजवलेल्या चिंधीत गोळी गुंडाळतो, चिंधी फट बुजवते आणि जाताना नळी पुसतही जाते.

पितळी टोकाची दुहेरी नांगी गजाला मळसूत्राने बसते. नळीत अडकलेली चिंधी किंवा बोळा ती पीळ घालून ओढून काढते. टी आकाराची किल्ली मात्र काळ सांगते. कान बुजवून त्याजागी पोकळ खुंटा बसवला, त्यावर तांब्याची इवलीशी टोपी घातली आणि घोडा आपटला की टोपीतलं रसायन ठोक्यानेच पेटतं. दिवाळीत आपण केलेल्या मातीच्या किल्ल्याभोवती पोरं पिस्तुलातल्या टिकल्या फोडतात, तत्त्व तेच. एडवर्ड हॉवर्डने १८०० साली पाऱ्याच्या फल्मिनेटचं वर्णन केलं, अलेक्झांडर फोर्साइथ या पाद्र्याने ठोक्याने पेटणाऱ्या चापाचं पेटंट १८०७ साली घेतलं, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांत टोपी आली. खुंटा झिजला की बदलायला ही किल्ली. म्हणजे आज्ज्याची बंदूक टोपीची होती. भर पावसातही ती वाजायची असं मामा सांगतात, ते खरं असणार.

राहिला गज. तो पेटीत नव्हता. लाकडी गज ओलीने फुगायचे, घाईत मोडायचे. प्रशियाच्या फौजेत लिओपोल्ड ऑफ आनहाल्ट-डेसाउ याने लोखंडी गज आणला आणि १७४१ च्या मोलविट्झच्या लढाईत त्यांच्या पायदळाचा माऱ्याचा वेग शत्रूला झेपला नाही. गजाचं काम ठासण्यावर संपत नाही. गोळी दारूला टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर दाब भलत्याच जागी चढून नळी फुगते किंवा फाटते. आणि नळी भरलेली आहे की रिकामी, हेही गजच सांगतो. अमेरिकेत १८६३ साली गेटिसबर्गच्या रणांगणावर गोळा केलेल्या २७ हजारांवर बंदुकांपैकी सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या. निम्म्यांत एकावर एक दोन बार होते, आणि एकीत तर २३. गोंगाटात आपला बार झाला नाही हे सैनिकांना कळलंच नव्हतं. काळी दारू कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या जिवंत असते. म्हणून कुणाच्या घरी जुनी ठासणीची बंदूक असेल तर ती भरलेली आहे असंच समजावं, तिचा चाप ओढून बघू नये, आणि जुन्या शिंगडाजवळ दिवा-उदबत्ती नेऊ नये. मामांकडचा शिंगडा आम्ही पाटावर ठेवण्याआधी पाण्याने भरून दोन दिवस ठेवला होता.

गजाचं बोलणं चाललं होतं तेव्हा मामी उठून परड्यातल्या पाणी तापवायच्या चुलीकडे गेल्या आणि निखारे ओढायची सळी घेऊन आल्या. एका टोकाला मळसूत्राचे आटे होते. पितळी नांगी त्यावर दोन फेऱ्यांत बसली. दुसऱ्या टोकापासून तीन बोटांवर कानशीने घातलेली खाच होती. रिकाम्या नळीत गज टोकापर्यंत आत जाणार आणि बार भरलेला असला की या खाचेपर्यंतच. आज्ज्याची दारू, बोळा, चिंधी आणि गोळी मिळून तीन बोटं भरायची.